यूसी&एस: एका ‘अँड’मुळे तपासणी कशी बदलते

मिरजेत दवाखान्यांची दाटी एवढी की जत, कवठे महांकाळ, आटपाडीकडचे पेशंट सकाळच्या एसटीने येतात, रक्त-लघवीचं सॅम्पल देतात आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन परततात. हल्ली तो रिपोर्ट हातात पडण्याआधी तीन-चार संगणकांतून फिरून आलेला असतो. रुग्णालयाचा संगणक लॅबला ऑर्डर पाठवतो, लॅबचा संगणक ती मशीनला कळवतो, मशीन निकाल देतं आणि तो निकाल उलट्या वाटेनं डॉक्टरांच्या स्क्रीनवर येतो. एकाच तपासणीला या प्रत्येक ठिकाणी वेगळा कोड असतो. त्यामुळे वाटेत कुठेतरी एक कोड काढून त्या जागी दुसरा घालावा लागतो. त्यासाठी एक तक्ता असतो: डावीकडे आपला कोड, उजवीकडे समोरच्याचा.

सांगली-मिरजेतल्या लॅबना ही जोडणी करून देणं हा माझा रोजचा उद्योग आहे. तक्ता भरायला डॉक्टर मंडळी आणि टेक्निशियन मनापासून मदत करतात, तो दोनदा तपासला जातो, आणि तरीही निकाल भलत्या ठिकाणी जातात. शोधत गेलं तर तक्ता बरोबर असतो. बिघाड असतो तो पाच चिन्हांत.

ही पाच चिन्हं कुठून आली ते आधी बघू. रुग्णालयांचे संगणक एकमेकांशी ज्या पद्धतीनं बोलतात त्यातली सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे एचएल७ ची दुसरी आवृत्ती. ती ठरवणारी एचएल७ याच नावाची संस्था अमेरिकेत १९८७ साली सुरू झाली. तेव्हा जागा महाग आणि फोनलाइन संथ होत्या, म्हणून संदेश आखूड ठेवले. नावापुढे किंमत असं न लिहिता नुसत्या किमती ठरलेल्या क्रमानं लिहायच्या आणि मध्ये चिन्ह टाकायचं. एखादा संदेश साधारण असा दिसतो (प्रत्यक्षात अक्षरं आणि अंक रोमन असतात, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत घेतलेत):

एमएसएच|^~\&|एचआयएस|सांगली|लॅब|मिरज|२०२५०७१४०९३०||ओआरएम^ओ०१|१००४५|पी|२.३
पीआयडी|१||६०४१^^^एचआयएस^एमआर||पाटील^सुनंदा
ओबीआर|१|के२२१||यूसी&एस^युरिन कल्चर^एल

प्रत्येक ओळ म्हणजे एक विभाग: एमएसएच म्हणजे संदेशाचं शीर्षक, पीआयडी म्हणजे पेशंटची ओळख, ओबीआर म्हणजे मागवलेली तपासणी. उभी रेघ, म्हणजे पाईप, दोन रकाने वेगळे करते. कॅरेट (^), ज्याला आमच्याकडे सगळे टोपी म्हणतात, एका रकान्याचे घटक वेगळे करतो. टिल्ड (~) म्हणजे त्याच रकान्यात आणखी एक किंमत आहे, जसं एकाच पेशंटचे दोन ओळख क्रमांक. अँडचं चिन्ह घटकाचेही उपघटक पाडतं. बॅकस्लॅशकडे (\) वेगळंच काम आहे, त्याच्याकडे थोड्या वेळानं येऊ. ओळ कुठे संपते ते कॅरेज रिटर्न नावाच्या न दिसणाऱ्या अक्षरावरून कळतं.

पहिल्या ओळीत नीट बघा. ‘एमएसएच’ नंतरचं पहिलंच अक्षर पाईप आहे, आणि पुढची चार अक्षरं म्हणजे बाकीची चार चिन्हं. पाठवणारा सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी कोणती चिन्हं वापरणार आहे. जवळपास सगळे हीच पाच वापरतात, पण वापरलीच पाहिजेत असं बंधन नाही. म्हणून वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं ती या ओळीतून उचलायची असतात, स्वतःच्या मनानं गृहीत धरायची नसतात. आणखी एक बारकावा: या ओळीत पाईप स्वतःच पहिला रकाना धरला जातो, म्हणून इथली मोजणी इतर ओळींपेक्षा एकानं पुढे असते. नवीन मुलांचा पहिला आठवडा यातच जातो.

आता तिसरी ओळ. लघवीचं कल्चर (जिवाणू वाढवून बघणं) आणि सेन्सिटिव्हिटी (त्यांच्यावर कोणतं औषध चालेल ते बघणं) ही जोडतपासणी सगळीकडे ‘सी अँड एस’ म्हणूनच बोलली जाते. कुणीतरी कधीकाळी लॅबच्या यादीत ‘यूसी&एस’ असा कोड टाकला. त्या माणसाचं काहीच चुकलं नाही, डॉक्टर पर्चीवर असंच लिहितात. पण संदेशात तोच कोड जसाच्या तसा गेला की वाचणारा प्रोग्रॅम अँड बघतो आणि नियमाप्रमाणे तिथे तुकडा पाडतो: पहिला उपघटक ‘यूसी’, दुसरा ‘एस’. कोड बदलणारा भाग बहुतेक वेळा पहिला उपघटक उचलतो आणि तक्त्यात ‘यूसी’ शोधतो.

तक्त्यात ‘यूसी’ नसेल तर नशीब चांगलं. चूक दिसते, संदेश अडकतो, फोन येतो. पण समजा त्या लॅबमध्ये युरिन क्रिएटिनिनचा कोड ‘यूसी’ आहे. मग तक्ता अगदी इमानदारीनं उत्तर देतो: २१६१-८. हा लॉइंक या जागतिक यादीतला लघवीतल्या क्रिएटिनिनचा खरा कोड आहे. पाहिजे होता ६३०-४, म्हणजे लघवीत कल्चरनं सापडलेले जिवाणू. कुठेही लाल दिवा लागत नाही, कारण प्रत्येक पायरी आपापल्या परीनं बरोबर चालली. लॅबमध्ये लघवी क्रिएटिनिनला लागते, कल्चरची प्लेट लावलीच जात नाही, आणि दोन दिवसांनी डॉक्टर विचारतात की कल्चर कुठे आहे. तोवर पेशंटला अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं, आणि मग घेतलेल्या सॅम्पलमध्ये जिवाणू सापडायची शक्यता कमी झालेली असते.

शेतात नांगरताना वर आलेला दगड आणि बांधावर रोवलेला हद्दीचा दगड दिसायला सारखेच असतात; कोणता काढून फेकायचा आणि कोणता जपायचा हे दगडाकडे बघून नाही, तो कुठे आहे यावरून कळतं. संदेशातल्या अँडचं तसंच आहे. तो हद्द दाखवतोय की माहितीचाच भाग आहे, हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक असतं आणि त्यानंच ते सांगायला हवं. बॅकस्लॅश आहे तो यासाठी.

माहितीत यातलं एखादं चिन्ह आलं तर ते तसंच न लिहिता दोन बॅकस्लॅशच्या मध्ये एक ठरलेलं अक्षर लिहायचं. पाईपसाठी \एफ\, टोपीसाठी \एस\, टिल्डसाठी \आर\, अँडसाठी \टी\ आणि खुद्द बॅकस्लॅशसाठी \ई\. याला एस्केप करणं म्हणतात. आपला कोड मग ‘यूसी\टी\एस’ असा जातो. वाचणारा आधी चिन्हांवर तुकडे पाडतो, त्याला इथे अँड दिसतच नाही, म्हणून कोड अखंड राहतो. मग तुकड्याच्या आतलं \टी\ उलगडून तो पुन्हा अँड करतो.

क्रम हाच सगळ्याचा गाभा आहे. आधी तुकडे पाडायचे. मग प्रत्येक सगळ्यात छोटा तुकडा उलगडायचा. मग तो तक्त्यात शोधून नवा कोड घ्यायचा. मग नवा कोड, त्याचं नाव, जे जे बाहेर जाणार आहे ते सगळं समोरच्याच्या चिन्हांप्रमाणे पुन्हा एस्केप करायचं. आणि शेवटी संदेश जोडायचा. यातली एकही पायरी मागेपुढे झाली तर सगळी साखळी चालते, पण चुकीची चालते.

मागेपुढे कसं होतं तेही बघा, कारण हे वारंवार घडतं. घाईत असलेला माणूस तुकडे पाडायच्या भानगडीत पडत नाही. अख्खा संदेश एक मजकूर म्हणून घेतो आणि त्यात ‘शोधा आणि बदला’ चालवतो: जिथे ‘के’ दिसेल तिथे पोटॅशियमचा कोड. मग के२२१ या ऑर्डर नंबरातला ‘के’ही बदलतो. दुसरा माणूस तुकडे नीट पाडतो, पण उलगडायचं विसरतो. त्याचा प्रोग्रॅम तक्त्यात ‘यूसी\टी\एस’ शोधतो, तिथे असतो ‘यूसी&एस’, जुळत नाही. तो वैतागून तक्त्यातच ‘यूसी\टी\एस’ अशी एक ओळ घालतो आणि काम चालू होतं. हा उपाय मला सगळ्यात धोकादायक वाटतो. तक्ता ही वैद्यकीय गोष्ट आहे. त्यात पॅथॉलॉजिस्टनं वाचून सही करावी असा मजकूर असला पाहिजे. तारेवरून जाताना कोड कसा दिसतो याची खूण त्यात शिरली की उद्या दुसऱ्या लॅबचा संदेश वेगळ्या चिन्हांनी आला तर तोच कोड पुन्हा सापडत नाही. शिवाय तक्त्यातून निघालेली ही किंमत बाहेर जाताना आणखी एकदा एस्केप होते आणि पलीकडे पोचते ती ‘यूसी\ई\टी\ई\एस’ अशी. तक्त्यात नेहमी उघडी, साधी किंमत ठेवायची. हे सगळं फक्त संदेशाच्या दारावर: आत येताना एकदा उलगडायचं आणि बाहेर जाताना एकदा एस्केप करायचं.

कुणी म्हणेल, मग कोडमध्ये ही चिन्हं वापरूच नका की! नवीन यादी करताना मीही हेच सांगतो: अक्षरं, अंक आणि आडवी रेघ, एवढ्यात कोड बसवा. पण त्यानं निम्मंच काम होतं. जगभर मान्य असलेल्या याद्यांमध्येच ही चिन्हं मुरलेली आहेत. म्हणजे मूळ संदेश अगदी स्वच्छ असला तरी कोड बदलल्यावर नवं चिन्ह आत येऊ शकतं.

लॉइंकचंच घ्या. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटनं १९९४ साली सुरू केलेली ही तपासण्यांची यादी. कोड साधे आहेत, अंक, आडवी रेघ आणि शेवटी एक पडताळणीचा अंक. पण पूर्ण नावात टोपी येते. उपाशीपोटी साखरेचा कोड १५५८-६. त्याच्या अधिकृत पूर्ण नावात ‘ग्लुकोज’ नंतर टोपी आणि त्यापुढे उपवासाची खूण असते. उपाशीपोटीची, जेवणानंतरची, ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली, हा सगळा फरक त्या टोपीनंतर लिहिला जातो. आपल्या लॅबमधून ‘बीएसएल-एफ’ असा निर्मळ कोड निघाला, तक्त्यानं १५५८-६ दिला, नावाच्या घटकात पूर्ण नाव भरलं आणि एस्केप केलं नाही. पलीकडचा टोपीवर तुकडा पाडतो. तिसऱ्या घटकात कोडयादीचं नाव यायचं, तिथे आता उपवासाची खूण बसली आणि बाकी सगळं एक घर पुढे सरकलं. कोड बरोबर, पण तो कोणत्या यादीतला हेच समोरच्याला कळत नाही. चिन्ह आणलं ते आपल्याच तक्त्यानं.

एककांचंही तेच. यूकम ही एककं लिहायची पद्धत, रेगेनस्ट्रीफमध्येच घडलेली. तिच्यात दहाचा घात दोन प्रकारे लिहिता येतो, १०*३ किंवा १०^३. प्लेटलेटचं एकक ‘१०^३/यूएल’ असं एककाच्या रकान्यात गेलं की एककाचा कोड उरतो नुसता ‘१०’, आणि ‘३/यूएल’ हे त्याचं नाव होऊन बसतं. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट भरून असताना एका रुग्णालयात हे मी पाहिलं आहे. स्क्रीनवर प्लेटलेट ४५ आणि एकक १०. आपल्याकडचे डॉक्टर प्लेटलेट हजारांत किंवा लाखांत वाचतात, ४५ हजार किंवा पॉइंट चार पाच लाख. नुसता ४५ आकडा बघून ड्युटीवरच्या डॉक्टरांनी थेट लॅबला फोन लावला.

“अहो, हे पंचेचाळीस म्हणजे काय समजू मी? हजार का?”

“हजारच सर, आमच्या मशीनवर दहाचा तिसरा घात स्पष्ट दिसतोय.”

“मग इथे का नाही दिसत?”

त्यांनी विचारलं म्हणून निभावलं. एककावरून आपोआप रूपांतर करणारा प्रोग्रॅम मध्ये असता तर त्याला ‘१०’ नावाचं एकक सापडलं नसतं, आणि न सापडल्यावर तो काय करतो हे ज्यानं लिहिला त्याच्यावर अवलंबून. म्हणून एककांच्या तक्त्यात मी आग्रहानं तारकेचं रूप ठेवायला लावतो, १०*३/यूएल. दोन्ही रूपं यूकमला मान्य आहेत आणि तारका एचएल७ मध्ये कुणाची हद्द नाही. तरीही एस्केपची पायरी गाळायची नाही, कारण मशीनकडून काय येईल ते आपल्या हातात नसतं.

निदानाच्या याद्यांकडे गेलं तर पाईप आणि अँड भेटतात. स्नोमेड सीटीमध्ये कोडसोबत नाव लिहायची मान्य पद्धतच अशी आहे की नाव दोन पाईपांच्या मध्ये येतं: ४४०५४००६ |टाइप २ डायबेटिस मेलिटस|. भारत स्नोमेडचा सदस्य देश आहे आणि पुण्याच्या सी-डॅकमधलं एनआरसीईएस हे केंद्र आपल्यासाठी तो उपलब्ध करून देतं, त्यामुळे हा मजकूर इथल्या फायलींत सर्रास येतो. कुणी तो तसाच कॉपी करून तक्त्यात टाकला तर त्या एका निदानानं संदेशात दोन नवे रकाने उघडतात. आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये मूळ निदानाला डावा-उजवा, तीव्रता असं काही जोडायचं असेल तर मध्ये अँड लिहितात. जुन्या आयसीडी-१० च्या सवयीनं ‘निदानाच्या कोडमध्ये फार तर टिंब येतं’ असं धरून लिहिलेले प्रोग्रॅम इथे फसतील. डावा डोळा की उजवा, हा तपशील दुसऱ्या उपघटकात पडेल, तो कुणी वाचणार नाही, आणि राहील ते फक्त मूळ निदान.

मशीनकडून येणारा माल वेगळ्याच नियमांचा असतो. आपल्याकडच्या पुष्कळ लॅबमधली सेल काउंटर आणि बायोकेमिस्ट्रीची मशीनं एचएल७ बोलत नाहीत; ती एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई१३९४ या पद्धतीनं बोलतात. त्या संदेशाची पहिली ओळ अशी सुरू होते: एच|\^&. चिन्हं ओळखीचीच दिसतात ना? पाईप आणि टोपीचं काम तेच आहे. पण बॅकस्लॅश इथे पुनरावृत्ती दाखवतो आणि अँड हे एस्केपचं चिन्ह आहे. म्हणजे एचएल७ मध्ये अँड माहितीत आला तर \टी\ लिहायचं, आणि इथे पाईप माहितीत आला तर &एफ& लिहायचं. दिसायला सारखे म्हणून दोन्हींना एकच वाचक-प्रोग्रॅम लावणारे मी पाहिलेत; साध्या सीबीसीवर तो महिनोन्महिने चालतो, आणि टेक्निशियननं मशीनवर शेऱ्यात एक अँड टाइप केला की पडतो. इथे तर तुकडे पाडून, उलगडून, साधी किंमत हातात घेऊन मगच पुढे जाणं याला पर्याय नाही, कारण आत आणि बाहेर चिन्हांचा अर्थच वेगळा आहे.

मराठी माणसाला मराठी नावांचा एक खास त्रास आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये लिहिलेलं देवनागरी अगदी सुरक्षित असतं; त्यातला कुठलाही बाइट या पाच चिन्हांसारखा होऊच शकत नाही. पण जुन्या नोंदी कृतिदेवसारख्या फॉन्टात असतील तर गोष्ट वेगळी. तिथे पडद्यावर देवनागरी दिसतं, साठवलेली मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. कृतिदेवमध्ये ‘द्य’ हे जोडाक्षर पाईपच्या जागेवर बसवलंय. म्हणजे ‘विद्या’ नावाची बाई पेशंट म्हणून आली की तिच्या नावात एक पाईप असतो. नाव अर्ध्यात तुटतं, पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात, जन्मतारखेच्या जागी भलतंच येतं. हलन्तासाठी तिथे टिल्ड आहे. एस्केप केलं तर संदेश तुटत नाही, पण पलीकडे नाव म्हणून निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. त्यामुळे अशा नोंदी आधी युनिकोडमध्ये आणणं हाच खरा इलाज. विद्या, उद्योग, सद्य, वाद्य... मिरज तर तंतुवाद्यांचं गाव, इथल्या पत्त्यांत ‘द्य’ किती वेळा येत असेल बघा.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी थोडं खोलात. एस्केप करणं म्हणजे पाच वेळा ‘शोधा आणि बदला’, असं वाटतं. बाहेर जाताना क्रम चुकला की काय होतं बघा. आधी अँडचं \टी\ केलं, मग बॅकस्लॅशचं \ई\ करायला गेलात, तर आत्ताच घातलेले दोन्ही बॅकस्लॅशही बदलतात. म्हणून बॅकस्लॅश आधी. बरं, उलगडताना मग बॅकस्लॅश शेवटी घेतला की झालं? नाही होत. समजा मूळ मजकुरातच \टी\ ही तीन अक्षरं आहेत, या लेखातल्यासारखी. एस्केप केल्यावर ती \ई\टी\ई\ होतात. आता पाच वेळा बदलत उलगडायला बसा. आधी \टी\ शोधलं तर ते मधेच सापडतं आणि मजकूर बिघडतो. आधी \ई\ उलगडलं तर \टी\ तयार होतं आणि पुढच्या फेरीत त्याचा अँड होतो. कुठल्याही क्रमानं हे सुटत नाही. डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जायचं, बॅकस्लॅश दिसला की पुढच्या बॅकस्लॅशपर्यंतचा तुकडा घ्यायचा, त्याचा अर्थ लावायचा, आणि मागे वळून पुन्हा वाचायचं नाही. तयार लायब्ररी हेच करतात, म्हणून शक्यतो त्याच वापराव्यात. पहिल्या ओळीतली चार चिन्हं मात्र एस्केप करायची नाहीत आणि उलगडायचीही नाहीत. हा अपवाद विसरला तर पलीकडच्याला संपूर्ण संदेशच कळत नाही.

बॅकस्लॅश माहितीत येतोच कुठे, असं वाटेल. विंडोजवरच्या फायलींच्या पत्त्यात येतो. सोनोग्राफीच्या पीडीएफचा पत्ता निकालाच्या रकान्यात टाकायची पद्धत आहे, आणि त्या वाटेत ‘एफ’ नावाचा फोल्डर असला की पलीकडे तिथे पाईप उमटतो. सोनोग्राफीचे रिपोर्ट तसेही जड जातात. ‘लिव्हर & स्प्लीन नॉर्मल’, ‘~३ सेमी’, शिवाय प्रत्येक ओळीनंतर एंटर. तो एंटर कॅरेज रिटर्न म्हणून तसाच गेला तर संदेशाची ओळ तिथेच संपते आणि उरलेला रिपोर्ट अनोळखी विभाग म्हणून फेकला जातो. आकाराचा आकडा पहिल्या ओळीत आणि निष्कर्ष शेवटच्या ओळीत असतो हे लक्षात घ्या. मजकुराच्या रकान्यात ओळ मोडायला \.बीआर\ आहे, तेच वापरायचं.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, आभा हे आरोग्य-ओळखीचे क्रमांक आले, आणि तिथे नोंदी फायर या नव्या पद्धतीनं जातात. फायरच्या नोंदी ज्यात लिहितात त्या जेसन या लेखनपद्धतीत प्रत्येक किमतीला नाव असतं, पाईप-टोपीची हद्द नसते. म्हणून ‘आता ही कटकट संपली’ असं ऐकू येतं. लॅबमधली मशीनं आणि रुग्णालयाची जुनी प्रणाली आहे तिथेच आहे. फायर फक्त शेवटच्या टप्प्यात येतं. वाटेत उलगडायचं राहिलं तर पेशंटच्या मोबाइलवर तपासणीचं नाव ‘यूसी\टी\एस’ असं दिसतं. एक्सएमएल या दुसऱ्या लेखनपद्धतीतून उलट दिशेला येताना अँडच्या जागी लिहिलेलं ‘&एएमपी;’ तसंच एचएल७ मध्ये घुसतं आणि पुन्हा तुकडे. आणि फायरमध्येही शोधताना यादीचं नाव आणि कोड यांच्यामध्ये पाईपच टाकतात, अनेक किमतींमध्ये स्वल्पविराम. तिथे माहितीत ही चिन्हं आली तर आधी बॅकस्लॅश लावायचा असतो. चिन्हं बदलली, काम तेच राहिलं.

तक्ता बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये ठेवलेला असतो, त्याबद्दलही सांगून ठेवतो. आयसीडी-११ मध्ये तीव्र विषाणूजन्य कावीळ-हिपॅटायटिसचा कोड १ई५० आहे. एक्सेल त्याला दहाचा पन्नासावा घात समजून आकड्यात बदलतं. स्नोमेडचे क्रमांक १८ अंकांपर्यंत असू शकतात, एक्सेल १५ अंकांपुढे शून्यं भरतं. कोडचे रकाने उघडण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यायचे.

कोड बदलला तरी जुना फेकायचा नाही. एचएल७ मध्ये कोडच्या रकान्यात दोन त्रिकुटांची सोय आहे: कोड, नाव, यादी, आणि पुन्हा पर्यायी कोड, नाव, यादी. बदलानंतर आपली ओळ अशी निघाली पाहिजे:

ओबीआर|१|के२२१||६३०-४^लघवीतले जिवाणू, कल्चर^एलएन^यूसी\टी\एस^युरिन कल्चर^एल

इथे ‘एलएन’ म्हणजे लॉइंक आणि ‘एल’ म्हणजे लॅबची स्वतःची यादी. पुढे शंका आली तर लॅबनं मुळात काय म्हटलं होतं ते इथेच सापडतं. तक्त्यात कोड सापडलाच नाही तर पहिलं त्रिकूट रिकामं ठेवून मूळ कोड पर्यायी जागी पाठवायचा आणि लॅबला कळवायचं. जवळचा वाटेल तो कोड टाकायचा नाही. आणि रकान्यात नुसती दोन अवतरणचिन्हं आली असतील तर ती तक्त्यात शोधायची नाहीत. त्याचा अर्थ ‘आधीची किंमत पुसून टाका’ असा आहे, रिकामा रकाना म्हणजे ‘काही बदल नाही’.

पाठवणारा एस्केप करतच नसेल आणि करायला तयारही नसेल, तर? असं होतं, सॉफ्टवेअर जुनं असतं, बनवणारा फोन उचलत नाही. कोडचा पहिला घटक हा साधा मजकूर आहे, त्याला उपघटक असायला परवानगीच नाही. त्यामुळे त्या एका पाठवणाऱ्याच्या, त्या एका रकान्यापुरता अँड पुन्हा जोडून घ्यायचा नियम लिहिता येतो. तो नियम तेवढ्यापुरताच ठेवायचा, सगळ्यांना लावायचा नाही, आणि प्रत्येक वेळी वापरला की नोंद करायची. पाईपच्या बाबतीत असा उपाय नाही. तिथे तुटलेले रकाने कुठले हे खात्रीनं सांगता येत नाही, संदेश थांबवून माणसाला दाखवावा लागतो.

नवी जोडणी सुरू करण्याआधी मी एक खोटा पेशंट तयार करतो. त्याच्या नावात, पत्त्यात, तपासणीच्या कोडमध्ये, एककात आणि शेऱ्यात पाचही चिन्हं टाकतो, शेऱ्यात मुद्दाम \टी\ लिहितो आणि एक एंटरही देतो. तो संदेश सगळ्या टप्प्यांतून पाठवायचा, प्रत्येक टप्प्यावर ओळी आणि रकाने मोजायचे, आणि शेवटच्या स्क्रीनवर अक्षर न अक्षर मूळ नोंदीशी ताडून बघायचं. हे ताडायला लॅबचा टेक्निशियन शेजारी हवा, कारण ६३०-४ म्हणजे आपलं कल्चर आहे की नाही हे त्यालाच सांगता येतं. दोघांचं समाधान झालं की मग त्या खोट्या पेशंटची नोंद काढून टाकायची आणि खऱ्या ऑर्डर सोडायच्या.